छोटीची हजेरी

६ फेब्रुवारी

कप्तान,

'सप्रेम नमस्कार' लिहिलं आणि खोडलं. सहा वर्षांनंतर सप्रेम म्हणायचा अधिकार उरतो का, यावर विचार करत बसले असते तर पहिल्याच ओळीत आठवडा गेला असता. तेव्हा नुसता नमस्कार. मी मैना.

तुझा पत्ता डॉक्टरने दिला. त्याच्यावर डाफरू नकोस, मीच मागून घेतला. परवा तो आमच्या वजनमापाच्या ऑफिसात आला होता, त्याच्या दवाखान्यातल्या जनावरं तोलायच्या काट्यावर शिक्का मारून घ्यायला. काम पाच मिनिटांचं, बसला तासभर. तुझ्या कानांची गोष्ट त्याने सांगितली. दोन ठिकाणी तपासून घेतलेस, दोन्हीकडे उत्तम निघाले. "कान चांगले निघाल्यावर माणूस खूश होतो की नाही? हा तोंड पाडून बसला. म्हणतो, कान शाबूत आहेत म्हणजे डोकं गेलंय. मी म्हटलं, मग माझ्याकडे ये, बैलांची डोकी तपासण्यात माझी हयात गेली." हे सांगून तो स्वतःच हसला आणि मग रिकामा कप कितीतरी वेळ बशीत फिरवत राहिला.

त्याच्याकडूनच कळलं की मार्चअखेर तू पुलाचं काम सोडतो आहेस. गर्डर उचलण्याआधी वरच्या-खालच्या प्रत्येक माणसाचा आवाज वॉकीटॉकीवर घ्यायचा आणि मगच क्रेनला इशारा द्यायचा, हे तुझं काम. वीस वर्षं केलंस. आता म्हणे तू म्हणतोस, आवाज आला म्हणजे तिथे माणूस आहे, यावर माझा भरवसा राहिला नाही.

राजीनामा देऊ नकोस. हे सांगायलाच पत्र लिहायला घेतलं.

इकडचं म्हणशील तर छोटी बरी आहे. कागदोपत्री ती अजून तुझी बायको आहे, तेव्हा तिची खबर तुला देण्यात काही गैर नसावं. चष्म्याच्या त्याच दुकानात काचा घासून फ्रेमला बसवते. उजव्या बुटात पुढे कापूस भरते, त्यामुळे चाल जवळजवळ सरळ दिसते. महिन्यातून एका रविवारी मी तिच्याकडे जाते. तुझा विषय ती काढत नाही, मीही काढत नाही. मी तिच्याशी संबंध ठेवले आणि तुझ्याशी नाही, त्यावरून मी तिची बाजू घेतली असं तुला वाटलं असेल. मी बाजू घेतली नव्हती. (हे वाक्य पुन्हा वाचलं. खोटं नाही. पण खरं म्हणून कोणी शिक्क्याला आणलं तर मी शिक्का मारणार नाही.)

काल त्या वर्षाची वही काढली. डोंगरावरच्या दिवसाची नोंद जशी आहे तशी उतरवते:

'झाडापाशी १२.४०. परत निघालो १.०५. दाट धुकं, वारा. छोटी मागे राहिली. ६.१० ला वनरक्षकांना सापडली, दुसऱ्याच ओढ्यात, बूट ओले. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली आहेत. कप्तान म्हणतो, मी हजेरी घेतली, चारही आकडे आले. छोटी म्हणते, मी आकडा दिलाच नाही.'

एवढंच. रोज पानभर लिहिणाऱ्या बाईने त्या दिवशी सहा-सात ओळी लिहिल्या. आणि काल पहिल्यांदा लक्षात आलं की त्या नोंदीत मी कुठेच नाही. चौघं गेलो होतो.

उत्तराची अपेक्षा नाही. कामाचं मात्र पुन्हा एकदा बघ.

मैना


१८ फेब्रुवारी

कप्तान,

कार्ड मिळालं. दोनच ओळी, पण अक्षर तेच, नकाशावर लिहिल्यासारखं. 'कान ठीक आहेत म्हणूनच सोडतोय. त्या दिवसाचं तुला काही वेगळं आठवत असेल तर लिही, नाहीतर तसदी घेऊ नकोस.'

आठवतं.

मला मैना का म्हणतात हे तू कधी विचारलं नाहीस. तू आणि डॉक्टर आम्हा दोघींत आलात तोवर नाव पडून जुनं झालं होतं. बडबडीवरून पडलं असेल असं तू समजलास, डॉक्टर तर अजून तेच समजतो. तुमचं कॉलेज वेगळं, तुम्हाला कळायचं कारण नव्हतं. आमच्याकडे पहिल्या तासाला हजेरी व्हायची. सर मान वर न करता नंबर वाचायचे. मागच्या बाकावर बसून मी चार-पाच जणींची हजेरी द्यायचे, प्रत्येकीच्या आवाजात. छोटीचा आवाज सगळ्यांत सोपा. किंचित नाकातला, आणि शेवटी वर उचललेला, उत्तर देतानाही प्रश्नच विचारत असल्यासारखा. दोन वर्षांत तिच्या निदान शंभर हजेऱ्या मी दिल्या. त्या वेळी ती कुठे असायची ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सायकल स्टँडच्या मागे, तुझ्याबरोबर. म्हणून माझ्या गळ्यातली छोटी तू कधी ऐकली नाहीस.

आता तो दिवस. तुला माहीत असलेलंही लिहिते, कारण मला माहीत असलेलं त्याच्यामध्येच कुठेतरी आहे.

पहाटेच्या बसमध्ये मी तुमच्या मागच्या सीटवर होते. पुलाच्या कामासाठी दुसऱ्या गावी जायला तू होकार देऊन आला होतास आणि ते तिला बसमध्ये सांगत होतास.

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग उत्तर ठाऊक होतंच की तुला."

त्यानंतर झाडापर्यंत तुम्ही एकमेकांशी बोलला नाहीत. डॉक्टर दोघांच्या वाटचं बोलला. चढ सुरू होतो तिथल्या फलकावर झाडाचं वय अडीच हजार वर्षं असं होतं आणि खाली कोणीतरी खिळ्याने 'पाव्हणा अजून ठणठणीत' असं कोरलं होतं. साडेतीन हजार मीटरच्या वर बोलायला दम पुरत नाही, पण डॉक्टरला पुरला. झाड दिसल्यावर तो म्हणाला, "याच्यासाठी सहा तास? आमच्या हॉस्टेलमागे यापेक्षा बरं सरपण पडलेलं असायचं." खरंच, पहिल्या नजरेला ते मेलेलंच वाटलं. खोड उभं चिरलेलं, एका अंगाला साल नाही, करडं पडलेलं लाकूड पिळलेल्या धुण्यासारखं. दुसऱ्या अंगाला हिरवी फांदी, एकच, पण ती एखाद्या झाडाएवढी. चौघांनी हात धरून कवेत घ्यायचा प्रयत्न केला. हातभर कमी पडलो. छोटी आणि तू दोन टोकांना होतात. जे हात कमी पडले ते तुमचे दोघांचे. हे मी तेव्हाच पाहिलं आणि पाहिलं म्हणून मला अपराधी वाटलं. आता वाटतं, तो बारीकसा अपराध मनाला लावून घेणं सोयीचं होतं.

एकला परतायचं हा तुझा नियम. छोटी झाडाला टेकून बसली होती. तू घड्याळ दाखवलंस. ती म्हणाली, "अडीच हजार वर्षं थांबलंय ते, तुला पाच मिनिटं थांबवत नाही." तू म्हणालास, "तुझ्या पाच मिनिटांनीच दर वेळी उशीर होतो." डॉक्टरने बुटाची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधली.

उतरताना क्रम नेहमीचा. तू पुढे, मग डॉक्टर, मग छोटी, शेवटी मी. मी शेपूट. शेपटाने कोणाच्याही पुढे जायचं नाही, हा आपला कॉलेजपासूनचा पहिला नियम, आणि दर पंधरा मिनिटांनी पुढच्याने हजेरी घ्यायची हा दुसरा. धुकं आलं तेव्हा मोठ्या दगडांच्या उतारावर छोटी थांबली. डोकं फुटतंय म्हणाली आणि दगडाआड जाऊन ओकली. उंचीचा त्रास, दुसरं काही नाही.

"त्याला सांगू नकोस हं. म्हणेल, बघ, हिला आणलं कशाला. तू हो पुढे, मी आलेच."

मी पुढे झाले. पन्नासेक पावलं. आणि धुक्यातून तुझी हाक आली, "हजेरी. एक." मग डॉक्टरचा "दोन." मग काहीच नाही. वाऱ्यामुळे छोटीपर्यंत काही पोचलंच नव्हतं.

त्या रिकाम्या जागेत मी "तीन" म्हणाले. तिच्या आवाजात. आणि मग माझ्या आवाजात "चार."

विचार करून म्हणाले नाही. पण आपोआप निघालं असंही म्हणणार नाही, गळा माझाच आहे. दोन मिनिटांत ती येईल, तेवढ्यासाठी तिला आणखी एक टोमणा कशाला, असं काहीतरी मनात होतं. वर्गातही मनात असंच काहीतरी असायचं.

पुढे वनखात्याच्या झोपडीत तिचे पाय कोमट पाण्यात होते आणि तू म्हणत होतास, "तू तीन म्हणालीस. मी ऐकलं." ती म्हणत होती, "मी काही म्हणाले नाही. तू नुसता ओरडलास आणि चालू लागलास. उत्तर ऐकायला थांबलाच नाहीस." डॉक्टर म्हणाला, मी दोन म्हणालो, टोपी कानावर होती, पुढचं मला माहीत नाही. मग तुम्ही दोघांनी माझ्याकडे पाहिलंत. मी काय म्हणाले आठवतं तुला? "मी चार म्हणाले. तीनचं मला सांगता येणार नाही." शब्द मी किती जपून वापरते ते बघ. नंतर दवाखान्यात छोटीने विचारलं, मला मागे टाकून गेलीस कशी? तिला सांगितलं, धुक्यात तू मला ओलांडून पुढे गेलीस असं वाटलं. हे मात्र साधं, सरळ खोटं.

तिच्या मते तू बसमधल्या रागात तिला टाकून गेलास आणि वर तोंड करून आकडा आला म्हणालास. तुझ्या मते तिने आकडा दिला आणि तुला धडा शिकवायला मुद्दाम मागे थांबली. सहा महिन्यांनी तू एकटाच पुलाच्या गावी गेलास.

तुझे कान ठीक आहेत. डोकंही. तू तीन ऐकलंस. ते मी म्हणाले होते.

मैना


५ मार्च

कप्तान,

चार पानं आली. मला वाटलं होतं शिव्या असतील. त्या असत्या तर उत्तर द्यायला सोपं गेलं असतं.

तू लिहितोस की मी हे रचलं आहे. 'तू कॉलेजपासूनची अशीच. कोणाचं भांडण झालं की चूक स्वतःच्या अंगावर घेऊन मोकळी. माझी नोकरी वाचावी म्हणून आता हे. अकरा वर्षं मी तिच्याबरोबर राहिलो. कूस बदलताना ती हुंकार देते तोसुद्धा मी ओळखीन. तू कितीही हुबेहूब नक्कल कर, मी फसणार नाही.' आणि शेवटी, त्या नकाशाच्या अक्षरात: 'शिवाय तुझ्या गोष्टीत एक भोक आहे. मी हजेरी दोनदा घेतली होती. मधे पंधरा मिनिटं होती. दोन्ही वेळा तीन आलं. तू एकदाचंच लिहिलंस.'

पत्र पोचलं तेव्हा मी भुईकाट्यावर होते. ट्रक तोलायचा काटा तपासताना प्रमाणित वजनं एकेक करून चढवायची आणि मग एकेक करून उतरवायची, कारण चढताना बरोबर दाखवणारा काटा उतरताना चुकू शकतो. हे काम मी इतकी वर्षं करते की हात आपले चालतात. त्या दिवशी मी उतरवायचं विसरले. वजनं वर असतानाच शिक्का उचलला. काट्याचा मालक म्हणाला, "बाई, आज माझ्यावर मेहेरबानी का स्वतःवर?" पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं.

घरी आई म्हणाली, "कोणाला लिहितेस एवढं? ऑफिसचं असेल तर ऑफिसात लिही, प्रेमाचं असेल तर वीस वर्षं उशीर झाला." मी म्हटलं, जुन्या मित्राला. "मग थोडक्यात लिही. जुन्या मित्रांना सगळं माहीत असतं."

तुला माहीत होतं. निदान आकडा माहीत होता.

दोनदा. हो.

मागच्या पत्रात मी एकदाच लिहिलं ते विसरून नाही. कबुली देतानाही मी वजन थोडं हलकं ठेवलं. आमच्याकडे असल्या वजनाला आम्ही जप्त करतो.

पहिल्यानंतर मी चालत राहिले आणि मागे बघत राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दगड घरंगळल्याचा आवाज दोनदा आला, वाटलं आली. तेरा-चौदा मिनिटांनी मला कळून चुकलं होतं की ती मागे नाही. वाटलं नव्हतं, कळलं होतं. तेवढ्यात आपण दोन ओढ्यांच्या फाट्याशी आलो आणि तुझी हाक आली. एक. दोन. त्या वेळी मी गप्प राहिले असते तर तू थांबला असतास, वर आला असतास आणि पहिल्यांदा विचारलं असतंस, मग मघाचं तीन कोणाचं? फक्त तेवढा प्रश्न टाळायला मी पुन्हा तिच्या आवाजात "तीन" म्हणाले.

पहिलं तीन तिच्यासाठी होतं. दुसरं माझ्यासाठी.

हे मी नकाशावर मोजलं आहे. आपण फाट्यावर होतो तेव्हा ती अजून वरच्या उतारावर होती. तिथून मागे वळलो असतो तर ती आपल्याला वाटेतच भेटली असती. फाट्याशी ती आपल्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी आली, धुक्यात डावा ओढा धरला आणि पाण्यात उतरली. म्हणजे बोटं पहिल्या तीनने गेली नाहीत, दुसऱ्याने गेली. फाट्याच्या खालच्या लाकडी पुलाशी आपण तिघं एकत्र आलो आणि तू माझ्यामागे बघत राहिलास. तुझा तो चेहरा मी सहा वर्षं कोणाला सांगितला नाही, वहीलासुद्धा नाही.

तुला माझं खरं का वाटत नाही, याचा मी विचार केला. माझं खरं मानलंस तर तुझं डोकं शाबूत ठरतं. पण मग अकरा वर्षांच्या बायकोचा आवाज तू ओळखला नाहीस, हेही ठरतं. त्यापेक्षा ती खोटं बोलली किंवा तुलाच भास झाला, हे बरं. मी समजू शकते असं लिहिणार होते. मला ते शोभणार नाही.

डॉक्टरला सांगितलं. आधी म्हणाला, "काहीतरीच." मग म्हणाला, "मी तुझ्यापुढे असेन तीस पावलं. टोपी वर केली असती तर." मी म्हटलं, टोपी तू थंडीने घातली होतीस. तो म्हणाला, "ते तू मला सांगू नकोस. माझ्या टोपीचं मी बघतो." त्यानंतर त्याचा फोन नाही.

तू लिहितोस, खरं असेल तर मला नाही, तिला सांग, तिने मानलं तर मी मानीन. बरोबर आहे. क्रम मी चुकवला. आधी तुला लिहिलं, कारण तू चारशे किलोमीटरवर आहेस.

पंधरा तारखेच्या रविवारी जाईन.

मैना


१६ मार्च

कप्तान,

काल गेले होते. काय झालं ते लिहिते. कोण काय म्हणालं ते शक्य तितकं त्याच शब्दांत लिहिते.

सकाळी अकरा वाजले होते. छोटी इस्त्री करत होती. दुकानात घालायचे पांढरे कोट, आठवड्याचे तीन. म्हणाली, "बस, एवढा संपवते. आज काय, हात हलवत आलीस? दर वेळी निदान बिस्किटं तरी आणतेस." मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. बसले असते तर चहा झाला असता आणि चहानंतर मी सांगितलं नसतं.

दोन्ही तीन सांगितले. फाटा सांगितला. झोपडीत काय म्हणाले आणि दवाखान्यात काय म्हणाले, तेही. तुला आधी लिहिलं आणि तू मानत नाहीस, हेही.

ती इस्त्री करत राहिली. एक बाही, दुसरी बाही. मग बटण बंद केलं, वायर गुंडाळली, इस्त्री उभी ठेवली.

"दोनदा?"

"दोनदा."

"दुसऱ्या वेळी मी कुठे होते?"

"फाट्याच्या वर. मोठ्या दगडांजवळ असशील."

"मी तिथे तुझ्या नावाने हाका मारत होते," ती म्हणाली. "त्याच्या नाही. तुझ्या. तू जवळ असशील म्हणून."

हे मला माहीत नव्हतं.

मग ती खिडकीशी जाऊन खाली बघू लागली. खाली एक माणूस सायकलच्या चाकात हवा भरत होता. ती म्हणाली, "त्याला माझा आवाज आला नाही, याचं मला एवढं नव्हतं. वाऱ्यात नाही येत. तो आला म्हणून शपथा घेत होता ना, त्याचं होतं. मला वाटायचं, हा माणूस चूक झाली म्हणू शकत नाही, तर मला खोटं पाडतो. त्याच्याबरोबर कसं राहायचं?" मग म्हणाली, "आणि तो खरं बोलत होता."

मी म्हटलं, "हो."

"तुला विचारलं नाही."

थोड्या वेळाने म्हणाली, "तो मानत नाही म्हणतोस?" घाईत ती मला कधीकधी पुरुषासारखं बोलते, तुला आठवत असेल, कॉलेजची सवय. मी सांगितलं, तू लिहिलं आहेस की अकरा वर्षांनंतर तू नकलेला फसणार नाहीस. तिने मान हलवली.

"काढ."

"काय?"

"तो आवाज काढ."

मी म्हटलं, मला नाही जमणार. ती म्हणाली, "शंभर वेळा काढलास. डोंगरावर दोनदा काढलास. आता माझ्या घरात जमत नाही?"

ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी काढला. वाईट निघाला.

"ही तू आहेस," ती म्हणाली. "असा नाही. बाहेर जा. जिन्यात उभी राहा, दार ओढून घे आणि तिथून काढ. जसा काढलास तसा."

मी बाहेर गेले. दार ओढून घेतलं. जिन्यात कोणाच्या तरी कुकरचा वास होता, भिंतीवर मीटरचे डबे. पंचेचाळिशीला आवाज जड झाला आहे, तिचाही आणि माझाही. तेव्हा कॉलेजातल्या छोटीचा नाही, त्या दिवशीच्या छोटीचा काढायचा असं ठरवलं. म्हणजे दमलेला, डोकं दुखणारा, दोन शब्द बोलायलाही नको असलेला. शेवटी वर उचलला, पण थोडाच.

तीन.

आतून काही आलं नाही. मी थांबले. मग आतून म्हणाली, "पुन्हा."

पुन्हा काढला.

आता तू विचारशील, मला काय वाटलं. खरं सांगते, त्या क्षणी मी ऐकत होते की बरोबर निघाला की नाही. निघाला होता. हे लिहायची लाज वाटते, पण न लिहिणं आता मला परवडणार नाही.

दार उघडलं. तिच्या हातात माझी पर्स होती. तिने ती माझ्याकडे दिली. चपला मी बाहेरच काढल्या होत्या. तिचे डोळे कोरडे होते. रागावलेली दिसत नव्हती. नवीन गिऱ्हाइकाचा नंबर काढताना ती जशी बघते, तशी बघत होती.

"त्याला लिही," ती म्हणाली. "मीही फसले असते."

मी विचारलं, "आणखी काही?"

"एवढंच. मी म्हटलं तसंच लिही. तुझं त्यात काही घालू नकोस."

मी विचारलं, पुढच्या महिन्यात येऊ का. तिने दार लावलं. जोरात नाही. कडी घातल्याचा आवाज आला.

मार्चअखेरीला पंधरा दिवस आहेत. तिने सांगितलेलं खाली वेगळ्या ओळीत लिहिते, म्हणजे माझ्या मजकुरात मिसळणार नाही.

'मीही फसले असते.'

यात माझा एकही शब्द नाही.